सही करण्याआधी कळायला हवं

गेल्या वर्षी जुलैत मी आमच्या गल्लीतल्या एका मुलीबरोबर बेळगावातल्या एका कॉलेजात गेले होते. तिचा बी.कॉम.चा पहिला दिवस. ‘ओरिएंटेशन आहे, पालकांना घेऊन या’ असा मेसेज आलेला. खानापूर तालुक्यात त्या आठवड्यात रोपलावणी ऐन भरात होती. चिखल तयार, पैऱ्याची माणसं ठरलेली. वडील बांधावरून हलू शकत नव्हते. आई म्हणाली, “बाई, तुम्हीच जावा की तिच्यासंगट. आमाला तिथलं काय कळतंय?” मी तालुक्यातल्याच एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात शिकवते, आणि ही मुलगी माझ्याच वर्गातून दहावी झालेली. मी शाळेतून एक दिवसाची रजा घेतली आणि सकाळची सातची बस धरली.

सभागृह भरलेलं होतं. नाडगीत, म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत, झालं, दीपप्रज्वलन झालं, नव्या मुलांना गुलाबाचं एकेक फूल दिलं. हे सगळं मनापासून केलेलं होतं आणि मुलांचे चेहरे खुलले होते. मग पडद्यावर इंग्रजी मजकूर आला आणि दोन तास त्यावर बोलणं झालं, बरंचसं इंग्रजीत, थोडं कन्नडमध्ये. क्रेडिट, इंटर्नल, मेंटर, शॉर्टेज. आमची मुलगी हुशार आहे. मान खाली घालून सगळं वहीत उतरवून घेत होती. परतताना बसमध्ये मी वही बघितली. ‘शॉर्टेज’पुढे तिने लिहिलं होतं, ‘कॉलेजमध्ये शिक्षक कमी आहेत.’ हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली तर परीक्षेला बसण्याची पंचाईत होते, ही वर्षभरातली सर्वांत महत्त्वाची सूचना त्या एका शब्दात येऊन गेली होती, आणि तिच्यापर्यंत पोचली नव्हती.

माझ्या डाव्या हाताला सौंदत्तीकडची एक मुलगी आजोबांबरोबर बसली होती. आजोबा माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, “एन हेळाकत्तार री?” काय सांगतायत? मला जमेल तेवढ्या कन्नडात मी सांगितलं. घरी कन्नड, शाळा कन्नड, राज्य कन्नड, आणि तरी त्यांच्या नातीच्या कॉलेजचा पहिला दिवस त्यांच्या डोक्यावरून गेला. त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट दिसलं, की ज्याला आम्ही ‘मराठी मुलांवरचा अन्याय’ म्हणतो त्याच बाकावर कन्नड माध्यमातून आलेली खेड्यातली मुलंही बसलेली असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे: बेळगाव, खानापूर, निपाणीच्या कॉलेजांत पहिल्या आठवड्यात जे सांगितलं जातं ते मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना कळेल अशा भाषेत सांगितलं गेलं पाहिजे. कन्नड, मराठी, इंग्रजी, तिन्ही. आणि ज्या कागदावर सही घ्यायची तो कागद आधी वाचता आला पाहिजे.

आमच्या भागातला मुलगा पदवीच्या दारापर्यंत कसा येतो, हे बाहेरच्यांना चटकन समजत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम. गणितात त्रिज्या आणि परीघ, विज्ञानात प्रकाशसंश्लेषण. एसएसएलसीची, म्हणजे दहावीची, परीक्षासुद्धा मराठीतून देता येते. मग पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजी किंवा कन्नड. अकरावीच्या पहिल्या सहा महिन्यांत वर्गातली दोन-चार मुलं गळतात आणि आमच्याकडे निरोप येतो, ‘बाई, तो कामाला लागला.’ उद्यमबागेत एखाद्या कारखान्यात, नाहीतर गोव्यात हॉटेलात. जी तरतात ती पदवीला येतात. म्हणजे ओरिएंटेशनला बसलेलं मूल एकदा पडून पुन्हा उभं राहिलेलं असतं. घरातलं कॉलेज पाहिलेलं ते बहुधा पहिलंच माणूस. ‘मेंटर’ कशाला म्हणतात हे विचारायला त्याच्या घरी कोणी नाही. शहरातल्या डॉक्टरच्या मुलाला हे सगळं जेवताना कळतं, त्याला ओरिएंटेशन चुकलं तरी फारसं बिघडत नाही. ज्याच्यासाठी हा दिवस आहे त्यालाच तो कळत नसेल तर गुलाबाच्या फुलाचं काय करायचं?

आमच्या वेळी ओरिएंटेशन वगैरे काही नव्हतं. एक सूचनाफलक होता. मी पहिल्या वर्षाला असताना परीक्षेचा अर्ज भरायची शेवटची तारीख त्यावर कन्नडमध्ये लागली होती. मला तेव्हा अक्षरं जुळवता यायची, अर्थ लागायचा नाही. तारीख गेली. विलंब शुल्क भरायला वडिलांनी कुणाकडून उसने पैसे आणले ते मी अजून विसरलेले नाही. त्यानंतर मी कन्नड शिकले, जिद्दीने शिकले, आणि त्या भाषेने मला पुढे नोकरी टिकवायला, कचेरीत मान वर करून बोलायला मदत केली. म्हणून कन्नड नको असं म्हणणाऱ्यांत मी नाही. पण शिकायला मला दोन वर्षं लागली, आणि अर्जाची तारीख आठ दिवसांत गेली होती.

आता ओरिएंटेशन आहे, ही चांगली गोष्ट आहे. तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या एआयसीटीईने इंजिनिअरिंगच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम आखून दिला. २०१९ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, ‘दीक्षारंभ’ नावाने सर्वच उच्च शिक्षण संस्थांसाठी तशी मार्गदर्शिका काढली. दोन्हींमागचा विचार मला पटतो: नव्या मुलाची संस्थेशी, शिक्षकांशी, एकमेकांशी ओळख व्हावी आणि मगच अभ्यासाचं ओझं यावं. एआयसीटीईच्या आराखड्यात तर खेळ, कला, आजूबाजूच्या परिसराला भेटी यांच्याबरोबर भाषेसारख्या कच्च्या बाजू भरून काढायचे तासही धरलेले आहेत. राज्याचं तंत्रशिक्षण विद्यापीठ, व्हीटीयू, आमच्या बेळगावातच आहे. १९९८ मध्ये ते इथं स्थापन झालं. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० पासून इथलंच. म्हणजे निर्णय करणारी माणसं दूर बेंगळुरात बसलेली आहेत असंही नाही. तरी बहुतेक साध्या पदवी कॉलेजांत तीन आठवड्यांचा विचार एका सकाळीत आटोपतो. भाषणं, शाल, नारळ, चहा.

कागदांचं मी मुद्दाम बोलते, कारण तिथं नियम अगदी स्पष्ट आहे. रॅगिंगविरोधी यूजीसीचे विनियम २००९ चे. प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकाने प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं: मी हे नियम वाचले, मला ते समजले, मी रॅगिंग करणार नाही, केलं तर शिक्षा मान्य. हे प्रतिज्ञापत्र इंग्रजीबरोबर हिंदीत ‘आणि/किंवा’ अर्जदाराला येणाऱ्या एखाद्या प्रादेशिक भाषेत असलं पाहिजे, असं त्याच विनियमात लिहिलेलं आहे. पालकांच्या प्रतिज्ञापत्रालाही तेच लागू. त्याच विनियमात आणखी एक कलम आहे: प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला छापील पत्रक द्यायचं, कोणत्या अडचणीला कोणाकडे जायचं, त्यांचे पत्ते, फोन नंबर. आता हे प्रतिज्ञापत्र ऑनलाइन भरलं जातं. आमच्याकडे ते भरतो सायबर सेंटरवाला. मुलगा शेजारी उभा, वडील शेतात, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला की झालं. ‘मला समजले’ असं लिहून दिलेलं असतं, आणि समजलेलं कुणालाच नसतं. १८००-१८०-५५२२ हा रॅगिंगविरोधी मदतीचा टोल फ्री नंबर त्या दिवशी सभागृहात बसलेल्या मुलांपैकी किती जणांच्या फोनमध्ये गेला असेल? आमच्या मुलीच्या वहीत तो नव्हता.

कोणी म्हणेल, संविधानात भाषिक अल्पसंख्याकांना हक्क आहेत, ते मागा. हो, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ आणि ३५०-ब ही कलमं आली. पण ३५०-अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयीबद्दल बोलतं, कॉलेजबद्दल नाही. त्या कलमाचा आधार घेऊन कॉलेजच्या प्राचार्यांशी भांडायला जाणं म्हणजे चुकीच्या दारावर थाप मारणं होईल. मला भांडायचंही नाही. जो नियम कॉलेजला आधीच लागू आहे तो पाळा, आणि जिथं नियम नाही तिथं माणुसकीने वागा, एवढं मागणं पुरेसं आहे.

सीमाप्रश्नाबद्दल माझं मत लपवायचं मला कारण नाही. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तेव्हापासून आमच्या घरांनी जे धरून ठेवलं आहे तेच माझंही आहे. १९५६ मध्ये आमचा भाग या राज्यात घातला गेला, महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. ज्या वर्षी दावा दाखल झाला त्या वर्षी जन्मलेली मुलं माझ्या वर्गातून दहावी होऊन गेली, त्यांतली काही पदवीधरही झाली. निकाल लागेल तेव्हा लागेल. पण दरवर्षी जुलै येतो आणि दरवर्षी नवी मुलं त्या सभागृहात जाऊन बसतात, त्यांना ‘निकालापर्यंत थांबा’ असं मी सांगू शकत नाही.

या विषयाला राजकारणाचा वास लागतो हे मला माहीत आहे. स्टेजवरून एक वाक्य मराठीत बोललं तर कुणीतरी व्हिडिओ काढेल, संध्याकाळी गोंधळ होईल, ही भीती मला एका प्राध्यापकांनीच बोलून दाखवली. ते स्वतः कन्नडभाषक, अतिशय सज्जन. भीती खोटी नाही. पण त्याच प्राध्यापकांना मी खडेबाजारात भाजी घेताना पाहिलं आहे. समोरची बाई येळ्ळूरची, ती मराठीत भाव सांगते, ते कन्नडात कमी करायला सांगतात, दोघांचं जमतं. रविवार पेठेतला व्यापारी गिऱ्हाइकाचं तोंड बघून भाषा बदलतो. दवाखान्यात नर्स म्हाताऱ्या बाईला गोळ्या कशा घ्यायच्या ते मराठीत सांगते, कारण चुकीची गोळी घेतली तर जिवावर बेतेल. तिथं कुणाला राजकारण दिसत नाही. हजेरीचा नियम, शिष्यवृत्तीची मुदत आणि तक्रार कुठं करायची ही माहितीही गोळीसारखीच आहे, चुकली तर मुलाचं वर्ष जातं.

इंग्रजी तटस्थ आहे म्हणून इंग्रजीत बोलतो, असंही सांगितलं जातं. सौंदत्तीच्या त्या आजोबांना विचारा ती किती तटस्थ आहे. जी भाषा दोघांनाही कळत नाही ती वापरल्याने दोघांमधलं भांडण मिटतं खरं, पण दोघंही बाहेरच राहतात.

भाषाविषयाचं तर या गोंधळात फार नुकसान होतं, आणि इथं मला थोडं सविस्तर सांगायचं आहे. पदवीला भाषाविषय निवडायचे असतात. २०२१ मध्ये राज्याने पदवीला कन्नड सक्तीचं करायचं ठरवलं, तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि त्या डिसेंबरात, कोणावर सक्ती करू नये, असा अंतरिम आदेश झाला. हे सगळं वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरात आलं होतं. पण सक्ती नसली तरी मूल काय निवडतं हे काउंटरवर ठरतं. आमच्या मुलीच्या अर्जावर भाषेपुढची खूण कार्यालयातल्या माणसाने केली. त्याने वाईट हेतूने केली असं मला वाटत नाही. रांग लांब होती, मुलगी गप्प उभी होती. पंधरा दिवसांनी वरच्या वर्गातल्या मुलीकडून तिला कळलं, की इथं मराठी घेता येतं, मराठीचे सर आहेत. मग विनंतीअर्ज, मग सही, मग यूयूसीएमएस या विद्यापीठ-कॉलेजांच्या सरकारी पोर्टलवर दुरुस्ती, त्यात आणखी आठवडा. ती चिकाटीची म्हणून बदलून झालं. बाकीच्यांनी सोडून दिलं. आणि दोन-तीन वर्षांनी ‘मराठीला मुलं नाहीत’ म्हणून एखादी जागा भरली जात नाही, तेव्हा आम्ही सगळे हळहळतो. मराठी विभाग अनुदानाअभावी मरतो हे खरं असेलही, पण कित्येकदा तो पहिल्या आठवड्यात, कोणी काही न सांगितल्यामुळे मरतो.

आता आपल्या माणसांबद्दल. दरवर्षी बारावी झालेल्या मुलांना मी विचारते, ओरिएंटेशनला गेलास का? निम्मी म्हणतात, “नाही बाई, भाषणंच असतात म्हणाले. चार दिवस शेतात काम होतं.” आईबापही त्यांना अडवत नाहीत. रोपलावणी सोडून पोराने भाषण ऐकायला जायचं, हे त्यांना पटत नाही. मला त्यांची ओढाताण कळते. मजूर मिळत नाहीत, पाऊस थांबत नाही. पण लग्नाची बोलणी असती तर घरातलं एक माणूस चिखलातून पाय धुऊन गेलंच असतं. पोराच्या तीन वर्षांची बोलणी त्या सकाळी होतात आणि तिथं आपल्याकडचं कुणी नसतं. आपण बसलोच नाही तर मराठीत सांगा असं म्हणायचं कुणी?

आमच्या संघटना, युवक मंडळं, वाचनालयं यांच्याबद्दलही हेच. १ नोव्हेंबरला, आमचा भाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीत आमच्या तालुक्यातून गाड्या भरून माणसं जातात, मीही गेले आहे. तेवढ्याच ताकदीची एक संध्याकाळ जुलैत गावोगावी का होत नाही? बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून उभं आहे. म्हणजे वाचणारी, समजावून सांगणारी माणसं या भागाला कधी कमी पडली नाहीत. नाडकचेरीत, म्हणजे जवळच्या महसूल कचेरीत, उत्पन्नाचा दाखला कसा काढायचा, एसएसपी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अर्ज कधी करायचा, मुलांचा बसपास कुठं मिळतो, मुलींनी शक्ती योजनेच्या बसला कोणतं ओळखपत्र ठेवायचं, हे सांगायला भाषणबाजी लागत नाही, दुसऱ्या वर्षातली एक मुलगी आणि एक फळा लागतो.

शक्ती योजनेचं नाव आलं म्हणून सांगते. ११ जून २०२३ पासून राज्यातल्या साध्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत, आणि आमच्या गावातून बेळगावला शिकायला जाणाऱ्या मुलींची बस तेव्हापासून गच्च भरते. ज्या घरांनी पूर्वी ‘खानापुरातच काय ते कर’ म्हटलं असतं त्यांनी मुलींना बेळगावला पाठवलं. या मुली पहिल्या दिवशी दुपारी साडेतीनलाच चुळबुळ करायला लागतात, कारण साडेचारची बस चुकली तर पुढची अंधारात. आणि नेमकं शेवटच्या तासात, पाहुण्यांची भाषणं संपल्यावर, तक्रार समिती आणि हॉस्टेलचे नियम सांगितले जातात. कामाचं आधी सांगा आणि हार नंतर घाला, इतका साधा बदलही या मुलींना उपयोगी पडेल.

कॉलेजांनी आणखी काय करावं, याचा मी शिक्षिका म्हणून विचार केला आहे. पहिल्या दिवशी सांगितलेलं कुणाच्याही डोक्यात राहत नाही, इंग्रजी येणाऱ्याच्यासुद्धा. म्हणून चौथ्या आठवड्यात, रोपलावणी उरकल्यावर, पालकांना पुन्हा एकदा बोलवावं. एक पान तीन लिप्यांत छापावं. ते भाषांतर करायला कॉलेजातलेच मराठीचे आणि कन्नडचे सर आहेत, खर्च फक्त कागदाचा. ज्यांना कन्नड नीट येत नाही त्यांच्यासाठी पहिल्या महिन्यात रोज एक तास बोलण्याच्या कन्नडचा ठेवावा. मी स्वतः आमची मुलं त्याला पाठवीन. आता पहिलीपासून कन्नड आहेच, २०१५ च्या कायद्याने ते सगळ्या शाळांना लागू झालं. पण मुलांचं कन्नड पेपरापुरतं आणि बाजारापुरतं असतं, वर्गात उभं राहून प्रश्न विचारण्याइतकं नसतं. तसाच तास इंग्रजीचा, आणि त्यात सौंदत्तीची मुलगी आणि खानापूरची मुलगी एका बाकावर. एकमेकींची भाषा त्या मधल्या सुट्टीत आपोआप शिकतील; मी तरी तशीच शिकले, हॉस्टेलवर गोकाकच्या एका मैत्रिणीकडून.

या वर्षी मी वाट बघत बसलेले नाही. जुलैच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता आमच्या गावच्या देवळाच्या सभामंडपात पदवीला प्रवेश घेतलेली मुलं आणि त्यांचे आईवडील यांना बोलावलं आहे. शेतातून आल्यावर, जेवणाआधी. भीती बोलून दाखवणारे ते प्राध्यापक यायला तयार झाले आहेत. ते कन्नडात बोलतील, मी मराठीत सांगेन. गेल्या वर्षीची आमची मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. फळ्यावर लिहायचे शब्द तिने काढून ठेवले आहेत, आणि यादीत पहिला शब्द आहे शॉर्टेज.